सगळ्या कामांचा मुखत्यार

चष्मेवाल्यांना रांगेचा मनस्वी तिटकारा. आयुष्यभर त्यांनी लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतली, आणि म्हातारपणी दुकान विकायला काढलं तर कचेरीतल्या प्रत्येक खिडकीमागचा माणूस त्यांनाच "नीट वाचून या" म्हणायला लागला. खेटे घालून गुडघे कुरकुरायला लागले आणि तोंड सुटलं ते वेगळंच. शेवटी वकील वैतागला.

"काका, तुमच्या तोंडापायी होणारं काम अडतंय. मुखत्यार नेमा."

माणूसही त्यानंच दाखवला. कचेरीबाहेरच्या बाकावर बसलेला, किडकिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट. चेहरा असा की पाठ फिरवली की आठवू नये.

"कुठली कुठली कामं लिहू?" वकिलानं मुखत्यारपत्राचा कागद पुढे ओढला.

"सगळी!" चष्मेवाले कडाडले. "मी जे जे करतो ते सगळं यानं करावं. मला या पायऱ्या पुन्हा चढायच्या नाहीत."

मुखत्यार नुसता हसला.

दुकान खरंच चुटकीसरशी विकलं गेलं. एका दुपारी तो घरी सांगायला आला, "साहेब, येताना तुमचे केस कापून घेतले. फार वाढले होते."

"माझे? अहो, मी घरातून हललेलो नाही!" चष्मेवाल्यांनी हसत मानेवरून हात फिरवला.

मान भुंडी होती. बोटांना बारीक केस चिकटले.

मागेच कापले असतील, आपण विसरलो असू, अशी त्यांनी समजूत घालून घेतली. स्वतःला गंडवण्यात माणूस भारी तरबेज. पण दुसऱ्या दिवशी ताटावर बसले तर घास उतरेना. पोट तट्ट.

"मी जेवून आलोय, साहेब," दारातून आवाज आला.

"माझं मी जेवेन की!"

"सगळं म्हणाला होतात."

आता एक काम त्यांनी मनातल्या मनात स्वतःसाठी राखलं होतं. लेकीच्या लग्नाला ते हट्टानं गेले नव्हते. तेव्हापासून बोलणं बंद. दुकानाचं झालं की तिच्या दारात जाऊन माफी मागायची. आरशासमोर उभं राहून वाक्यं घोकायचे. मध्येच अडायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

तिचाच फोन आला.

"बाबा, घरी पोचलात ना नीट? किती रडलात हो! मला बाई तुमच्यावर रागच धरवेना."

चष्मेवाल्यांनी चाचपून पाहिलं. छातीत इतकी वर्षं रुतलेलं काहीतरी होतं, ते जागेवर नव्हतं. खिशातला रुमाल ओला होता.

"अगं, तो मी नव्हतो! थांब, मी निघतो. आत्ता निघतो."

"आता कशाला, बाबा? झालं की सगळं. दमला असाल, पडा जरा."

ते तडक कचेरीत गेले. रांग मोडून, शिव्या खात खिडकीशी पोचले.

"मुखत्यारपत्र रद्द करायचंय!"

कारकुनानं मानही वर केली नाही. "काका, रद्द करायचं नाही म्हणून सकाळीच सांगून गेलात ना?"

"तो मी नव्हतो, मुखत्यार होता!"

"मग तेच ते. पुढचे या."

"अरे, माझ्या लेकीला मी भेटलेलोच नाही!"

मागून कुणीतरी त्यांना अलगद बाजूला सरकवलं.

घरी आले तर दार उघडं. दाराशी मुखत्याराचे बूट, नीट जोडीनं ठेवलेले. आतल्या खोलीत, भर दुपारी, तो त्यांच्या पलंगावर डोळे मिटून पडला होता.

"उठा! कुणी सांगितलं होतं झोपायला?"

"लेक म्हणाली ना, पडा जरा," तो डोळे न उघडता म्हणाला. "आता एवढंच काम उरलंय, साहेब."

चष्मेवाल्यांचे गुडघे दुखायचे थांबले. एकदम हलकं वाटलं.

पलंगावरची छाती वर झाली. खाली आली.

पुन्हा वर झाली नाही.

चष्मेवाले उंबऱ्यात तसेच उभे राहिले. ती छाती हलायची वाट बघत. आपला आपल्याला श्वास घेता येतो का, हे करून बघायचा धीर त्यांना होईना.