हळूहळू चढणारा आवाज

चंद्रावरची पंधरवडाभराची रात्र आज संपणार होती. सूर्योदय पाहायला सगळी चांद्रवसाहत मोठ्या घुमटाखाली जमणार होती, आणि शाल्मली गिटार वाजवणार होती. डोंगरमाथ्यावरून ऊन जसजसं खाली उतरेल, तसतसा गिटारचा आवाज चढवायचा, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी तिने स्वतः एक पेडल (पायाने दाबून आवाज कमी-जास्त करण्याची पेटी) बनवलं होतं.

पण ते भलतंच वागत होतं. जरासं दाबलं की आवाज एकदम उसळायचा आणि पुढे कितीही दाबा, फारसा फरक नाही!

"आतला पॉटसुद्धा बदलला," ती रडवेली होऊन दिगंबर आजोबांना म्हणाली. पॉट म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रोधक (विजेला अडवणारा भाग). "शंभर किलो-ओहमचा (किलो-ओहम म्हणजे रोध मोजायचं माप) काढून पाचशेचा लावला. तरी तेच!"

आजोबा निवृत्त ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांनी पेटी उघडली. "अर्धा फिरवलास की शंभरातले पन्नास मिळतील, नाहीतर पाचशेतले अडीचशे. वाटा अर्धाच ना?"

"हो. मग आवाजही अर्धाच वाटायला हवा."

"टाळी वाजव बघू." तिने वाजवली. मग आजोबांनीही तिच्याबरोबर वाजवली. "फरक कळला?"

"कळला की!"

"आता समज, शंभर माणसं टाळ्या वाजवतायत आणि मी एकशेएकावा आलो."

शाल्मली खुदकन हसली. "तुम्ही आलात काय नि न आलात काय, कुणाला पत्ताही लागणार नाही!"

"बरोबर. आपला कान बेरीज मोजत नाही, पट मोजतो."

"म्हणजे सुरुवातीला अगदी थोडं थोडं वाढवायचं आणि शेवटी भरपूर?"

"शाब्बास! तुझा पॉट रेषीय (सारख्या पावलांनी वाढणारा) आहे. तुला हवा लघुगणकी (आधी मुंगीच्या, मग हत्तीच्या पावलांनी वाढणारा)."

"पण तसला भांडारात नाहीये! यान पुढच्या महिन्यात येणार."

"मग पॉटच्या मधल्या, सरकत्या तारेपासून सर्किटच्या शून्य टोकापर्यंत (जिथे विजेचा दाब शून्य असतो) एक लहान रोधक जोडला तर?"

शाल्मलीने डोळे मिटून विचार केला. "मध्यावर असताना बराचसा सिग्नल (गिटारकडून येणारी विजेची लहर) त्या वाटेने निसटेल... पण पूर्ण दाबल्यावर मधली तार थेट आत येणाऱ्या सिग्नललाच टेकते. तेव्हा सगळा मिळेल!" तिने आकडेमोड केली. शंभरचा पॉट आणि पंधराचा रोधक धरला, तर मध्यावर अर्ध्याऐवजी जेमतेम पाचवा हिस्सा!

"पाचशेचा काढून शंभरचाच लाव," आजोबा म्हणाले. "तुझ्या पेडलमध्ये पॉटच्या आधी प्रवर्धक (सिग्नल मोठा करणारा भाग) आहे, त्याला हा भार पेलेल. गिटार थेट जोडली असतीस, तर सूर दबले असते."

शाल्मलीने सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने तारा जोडणं) केलं, पेटी बंद केली आणि घुमटाकडे धूम ठोकली.

डोंगराच्या टोकावर उन्हाचा ठिपका उमटला. तिने पाय हलकेच दाबला. एक सूर जेमतेम ऐकू आला, मग भरत गेला. ऊन उतारावरून खाली सरकत होतं, आवाज चढत होता आणि लोकांनी श्वास रोखून धरले होते. घुमट उजळला, तेव्हा गिटार दणदणत होती. लहान पोरं उड्या मारू लागली. इथल्या हलक्या गुरुत्वाकर्षणात ती चांगलीच उंच गेली!

"आजोबा," घामाघूम शाल्मलीने विचारलं, "मंगळावरच्या विरळ हवेत माझी गिटार कशी ऐकू येईल?"

आजोबांचे डोळे चमकले. "गणित मांडता येईल. पण तिथे अजून कुणी वाजवलेली नाही."

"मग मी वाजवेन!" ती म्हणाली.