पितळी तपेल्याचे सहा अंश

भाट्याच्या खाडीत माणसं पलीकडे नेणारी तर हेलकावली आणि कोटवाल्या पाहुण्याच्या मांडीवरची पेटी उघडली. पातळ तांब्याचं भांडं टुणकन पाण्यात गेलं. त्यामागून काचेची नळी निघाली होती. ती शेजारी बसलेल्या राहीनं वरच्यावर झेलली.

"तापमापक आहे तो!" तो घाबरून म्हणाला.

"मग पेटीला दोरी बांधायची होती."

नळी परत देताना बोटांना बोटं लागली. राही लाजली, आणि लाजल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

तासाभरानं तोच माणूस तिच्या दारात! आत्माराम, पावस गावचा, मुंबईला शास्त्र शिकून आलेला. नव्या सरकारी धक्क्यासाठी चुना तपासायचं काम त्याच्याकडे होतं. राहीचे वडील महिपत तीस वर्षं खाडीतल्या शिंपा भाजून चुना करत. चुना नापास झाला असता, तर महिपतांच्या चुन्यात राख असते अशी बोंब झाली असती आणि भट्टी विझलीच असती.

ताजा चुना पाण्यात पडला की पाणी तापतं. किती तापलं त्यावरून चुन्याचा कस कळतो. पण भांडं तर खाडीत. पाहुण्यासमोर हलकं भांडं ठेवायचं नाही, म्हणून राहीच्या आईनं घरातलं सगळ्यात जड, ओतीव पितळेचं तपेलं काढलं. आत्मारामनं त्याला काथ्या गुंडाळला, ऐंशी तोळे पाणी ओतलं, चार तोळे चुना टाकला. पारा अकरा अंश चढला.

"ऐंशी गुणिले अकरा, आठशे ऐंशी. भागिले चार... तोळ्यामागे दोनशे वीस." त्याचा आवाज पडला. "अडीचशे हवेत. नापास."

महिपतांनी मान खाली घातली. राहीच्या मस्तकात तिडीक गेली.

"मला मान्य नाय."

"राही, गप ऱ्हव गो," महिपत पुटपुटले. "शिकलेलं मानूस हाय ते."

"मीपण सातवी शिकलंय, बाबा." ती आत्मारामकडे वळली. "कढत पाणी पत्र्याच्या डब्यात ओतलं तर हात पोळतो. ह्या तपेल्यात ओतलं की लगेच सोसवतं. पहिला घोट तपेलंच पितं. तो तुम्ही कुठं धरलात?"

आत्मारामनं तपेल्याच्या जाड काठावरून बोट फिरवलं. त्याचं पातळ भांडं नावापुरती उष्णता खाई. सवयीनं त्यानं तपेल्यालाही तसंच सोडलं होतं.

"पाणी तापवा," तो हळूच म्हणाला.

थंड तपेलं सत्तावीस अंशांवर होतं. त्यात साठ अंशांचं ऐंशी तोळे पाणी पडलं... आणि पारा चोपन्नावर थांबला.

"सहा अंश कुठं गेले?" राहीनं कमरेवर हात ठेवले.

"तपेल्यात." तो आता हसत होता. "ऐंशी गुणिले सहा, चारशे ऐंशी; तपेलं चढलं सत्तावीस अंश, म्हणून भागिले सत्तावीस. म्हणजे हे तपेलं जवळपास अठरा तोळे पाण्याएवढी उष्णता पितं. ऐंशी आणि अठरा, अठ्ठ्याण्णव. गुणिले अकरा, भागिले चार..."

"दोनशे एकोणसत्तर आणि अर्धा!" कोळशानं जमिनीवर मांडून तीच आधी ओरडली.

त्यानं 'नापास' लिहिलेला पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं – पास. खाली लिहिलं, 'पहिली चूक माझी. ती राही महिपत यांनी दाखवली.'

"पोरीचं नाव सरकारी कागदावर?" महिपत हादरले. "लोक काय म्हनतील?"

"खरं तेच म्हणतील," आत्माराम म्हणाला.

खाडीकाठी तरीपर्यंत ती त्याला सोडायला गेली, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत.

"चुना तपासून झाला," तो अडखळला. "तरी मला परत यायचंय... तुमच्यासाठी. आईला सांगणार आहे."

"आंब्याच्या बागा असलेलं घर तुमचं. भट्टीवाल्याची पोर चालेल?"

"नाही चालणार. भांडावं लागेल." त्यानं तापमापक तिच्या हातात ठेवला. "हा ठेवा. भांडून झालं की न्यायला येतो."

"आणि हरलात तर?"

"तर तुमच्या भट्टीवर शिंपा भाजायला येईन."

त्याला घेऊन तर सुटली. राही वळली, तो महिपत मागेच उभे.

"काय गो ते हातात?"

तिनं लपवलं नाही.

"तो परत येणाराय, बाबा. आणि मी हो म्हणणार. आत्ताच सांगून ठेवतंय."