काकडीला सुटलेलं पाणी

एक माप औषधाने काम होत नसेल, तर दोन मापांनी दुप्पट लवकर होईल की नाही? केतकी औषधाची बाटली धरून याच कोड्यात पडली होती. या पोरीचा जन्म चंद्रावरचा. वसाहत चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला, तिथून पृथ्वी दिसतच नाही. उद्या शाळेची गाडी मुलांना पृथ्वी दाखवायला निघणार होती आणि नेमकं आजच केतकीचं पोट दगडासारखं झालं होतं. डॉक्टर असलेल्या नलूआत्याने सकाळी रेचक (शौचाला साफ होण्यासाठीचं औषध) दिलं होतं, पण दुपार झाली तरी पोट ढिम्म.

तिने दुसरं माप भरलं, तोच घरातला रोबो भिंगरी कोशिंबिरीची काकडी घेऊन आला आणि त्याने सरळ आत्यालाच हाक मारली.

आत्या रागावली नाही. काकडीवर मीठ पेरून तिने केतकीला बघत बसवलं. थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटलं. मिठाने ते ओढून घेतलं, याला परासरण म्हणतात (पापुद्र्यातून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाणं), असं आत्याने सांगितलं. हे औषधही आतड्यात तसंच पाणी ओढून धरतं, मग घट्ट मळ मऊ होतो. त्याला एखाददोन दिवस लागतात. उतावीळपणे जास्त घेतलं तर जुलाब होऊन अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात.

"पण ओढायला पाणी तर हवं," आत्या म्हणाली. "तू आज किती प्यायलीस?"

 वसाहतीत पाणी जपून वापरायचं, म्हणून ज्याच्या बाटलीत सर्वांत जास्त पाणी उरे, त्याला दर शनिवारी वर्गात टाळ्या मिळत. त्या टाळ्यांपायी केतकी नुसते ओठ ओले करायची. तिने ते सांगून टाकलं.

"अगं, प्यायलेलं पाणी शुद्ध होऊन परत टाकीतच येतं की," आत्या म्हणाली. "उद्याची गाडी राहू दे. औषध मी सांगेन तेवढंच. फार दुखलं किंवा उलटी झाली, तर लगेच मला सांग."

केतकी हमसून हमसून रडली. गाडी तिच्याविना गेली. पण भरपूर पाणी, कोशिंबीर आणि ठरलेलं माप यांनी तिसऱ्या दिवशी सकाळी काम चोख केलं.

शनिवारी टाळ्यांच्या वेळी ती उभी राहिली. कान लाल झाले होते, तरी आपली गाडी का चुकली ते तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, "आणखी कुणाचं पोट साफ होत नाही?"

वर्गात खसखस पिकली. मग एकेक करत निम्मे हात वर झाले, त्यात गुरुजींचाही होता. त्या दिवसापासून टाळ्या बंद झाल्या, आणि पृथ्वी बघायला निघालेल्या पुढच्या गाडीत खिडकीची जागा केतकीला मिळाली.