किपसोईच्या मागे धावणारा

त्या सकाळी मी वासरू सोडायला म्हणून बाहेर आले होते, दुसरं काही नाही. खोऱ्यातून धुकं वर चढलं होतं आणि कुंपणाबाहेरचा लाल रस्ता त्यात बुडून गेला होता. त्या धुक्यातून पोरं धावत गेली, जशी रोज जातात. आधी लांबून पावलं ऐकू येतात, मग श्वास, मग अख्खा घोळका डोळ्यांपुढून सपकन निघून जातो आणि मागे नुसता घामाचा वास राहतो. आमच्या कड्यावर हे कोंबडा आरवण्यासारखंच. कोणी मान वळवून बघत नाही.

सगळं शांत झाल्यावर, वासरू अर्धं दूध पिऊन झाल्यावर, माझा मुलगा आला.

किपसोईचं काय सांगू. एल्डोरेट शहरात विम्याच्या कचेरीत खुर्चीत बसून चाळिशी उलटेपर्यंत त्याने पोट वाढवलं, आणि मग एक दिवस त्याला धावावंसं वाटलं. आमच्याकडे माणूस लहानपणी धावतो. शाळेला उशीर झाला म्हणून, गाय भरकटली म्हणून. पुढे ज्याच्या पायांत असेल तो परदेशात जाऊन जिंकतो, येऊन जनावरं घेतो, आईला पक्कं घर बांधून देतो. हा स्वतःच्या खिशातले पैसे भरून शर्यतीत धावायचा, आणि लोक मंडप सोडायला लागले की पोचायचा. तरी त्याला बिल्ला मिळायचा, कारण तिथे पोचणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला देतात. ते सगळे त्याने भिंतीवर खिळ्यांना टांगले होते. वारा आला की एकमेकांवर आपटून वाजायचे, आणि मला वाटायचं बकऱ्या घरात शिरल्या.

मग सायकल आणली. आमच्याकडे सायकलवरून दुधाचे कॅन जातात, कोबीची पोती जातात, अडलेली बाई दवाखान्यात जाते. ह्याच्या सायकलला मागे काही ठेवायला जागाच नव्हती. मी विचारलं, हिच्यावरून आणायचं काय? तर म्हणे हिच्यावरून फक्त जायचं आणि यायचं. बारिंगोच्या तळ्यापर्यंत जाऊन आला, उन्हात भाजून निघाला, आणि घरी एक मासासुद्धा आणला नाही. आल्यावर स्वतःच्या पायांचा फोटो काढला. त्याची बायको जेमेली भली बाई. ती तो फोटो सगळ्या आळीला दाखवत फिरली.

त्या वर्षी लांबलचक रजा घेऊन तो जेमेलीसकट आमच्याकडे राहायला आला होता. रोज पहाटे पोरांच्या घोळक्यात शिरायचा. पोरं नाही म्हणत नाहीत. ह्या रस्त्यावर जो मागून येऊन मिसळतो त्याला कोणी नाव-गाव विचारत नाही, ती रीतच आहे. चर्च येईपर्यंत हा घोळक्याच्या शेपटाला, आणि चर्चच्या पुढे एकटाच. मनगटावर मोठं घड्याळ. ते थोड्या थोड्या वेळाने टिटिट वाजून त्याला सांगायचं की तो किती हळू चाललाय. ते तर मीही सांगितलं असतं, फुकट.

पण त्या सकाळी फाटकातून आत आला तो हसत. चहा ओतून दिला तर कप तसाच धरून बसला.

"आई, आज मी शेवटचा नव्हतो," म्हणाला. "माझ्या मागे एक जण होता."

मी म्हटलं, गाढव असेल.

नाही म्हणाला, माणूस होता. धुक्यात दिसला नाही, पण अनवाणी होता, पावलांवरून कळत होतं. चर्चपासून आपल्या फाटकापर्यंत मागे होता आणि त्याला काही पुढे जाता आलं नाही. हे सांगताना त्याची मान अशी ताठ, जशी काही अख्खी शर्यत मारून आलाय.

आता ऐका. ह्या कड्यावर जिवंत माणूस कोणाच्या मागे राहत नाही. म्हातारी बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली असली तरी किपसोईला मागे टाकून जाईल. म्हणून आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं असतं, धुक्यात कोणी मागे आला आणि पुढे जाईना, तर बोलायचं नाही, वळायचं नाही, आणि घरी ये असं तर चुकूनही म्हणायचं नाही. किपसोईलाही हे सांगितलेलं होतं. पण मागे कोणीतरी आहे ह्याचं सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

मी विचारलं, पावलं कशी होती? त्याने बोटांनी टेबलावर वाजवून दाखवली. एक पाऊल पुरं, एक अर्धं. एक पुरं, एक अर्धं.



तसा एकच माणूस धावायचा. यातोर, माझा धाकटा दीर. लहानपणी कोळशाच्या भट्टीत पाय पडून त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती, तरी सगळ्यांच्या पुढे असायचा. मी नवी नवरी होऊन आले त्या वर्षी आमच्या गाई कोणीतरी कड्याखाली हाकून नेल्या, आणि यातोर त्यांच्या मागावर एकटा धावत उतरला. लांबून परतलेल्याला आमच्याकडे नुसतं घरात घेत नाहीत. घरच्या बाईने फाटकात उभं राहून आपल्या हाताने मुरसिकने भरलेला भोपळ्याचा तुंबा द्यायचा. ते आंबलेलं, राखेच्या वासाचं दूध प्यायलं की माणसामागची वाट बंद होते आणि तो घरचा होतो. माझी सासू तुंबा घेऊन फाटकात उभी राहायची. पाऊस संपला, मका कापून झाला, ती उभीच. यातोर आला नाही. त्याच्यामागची वाट उघडीच राहिली.

हे सगळं मी किपसोईला सांगितलं. तो हसला. म्हणाला आई, तो कोणी गरीब म्हातारा आहे, त्याला बूट घेऊन द्यायला हवेत.

मग रोजच ते सुरू झालं. मागे पावलं असली की ह्याचे पाय उचलायचे. घड्याळ कौतुक करायला लागलं. सायकलवरून खोऱ्यात उतरून परत वर चढायला लागला, आणि एका संध्याकाळी येऊन सांगतो काय, तो म्हातारा चढावर सायकलच्या मागेही होता... पायी. आणि ह्या शहाण्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हणाला, सायकलवर असलो की त्याला मला गाठणं फारच जड जातं.  एवढ्या मोठ्या कचेरीत हा विमा विकतो, आणि संकट सोबत धावतंय तर त्याला पाणी पाजायला निघालाय.

रजा संपत आली तसं त्याने जाहीर केलं की आता मोठं काहीतरी करायचं. सकाळी सायकलने खोऱ्यात उतरायचं, नदी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर चढायचं, परत यायचं, सायकल बाजारात ठेवायची आणि तिथून घरापर्यंत धावायचं. सोबत कोणी नाही, पंच नाही, शर्यत नाही. पण ह्याला फाटकात मुरसिक हवं होतं. जिंकून आलेल्यांना विमानतळावर देतात तसं. आणि मी ते देताना जेमेलीने फोनमध्ये टिपायचं.

मी सांगितलं, मी देणार नाही. गावाला दाखवायला म्हणून जो जातो त्याच्यासाठी मुरसिक नसतं. शिवाय हे पेय त्याला कधी सोसलंच नाही. लहानपणापासून एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचा.

जेमेली हळूच म्हणाली, आई, मी देईन.

"मग एक ऐक," मी तिला म्हटलं. "आधी पायांकडे बघ. बूट दिसले तर दे. तुंबा ज्याच्या हातात जाईल तो घरचा. दुसऱ्याला मग जागा नाही."

किपसोई दारात सायकलच्या चाकात हवा भरत होता. तिथूनच बोलला, आणि तेही थट्टेत.

"त्यालाही थोडं ठेवा. काल मी म्हटलं त्याला... या एकदा घरी, दूध प्यायला."

चुकूनही म्हणायचं नाही ते हा म्हणून बसला होता. 

दुसऱ्या दिवशी तो तसल्या अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत, धावताना चोखायच्या साखरेच्या चिकाच्या पुड्या खिशात कोंबून गेला. दिवसभर ऊन होतं. संध्याकाळी कड्याखालून धुकं उठलं आणि बघता बघता कुंपणाला येऊन टेकलं. त्याला वास होता. जनावरांचा आणि जुन्या धुराचा. आमच्या गाई गोठ्यात उभ्या राहिल्या, एकीनेही तोंड हलवलं नाही.

जेमेली फाटकात उभी होती. एका हातात तुंबा, दुसऱ्या हातात फोन. मी पायरीवरून उठेपर्यंत पावलं ऐकू आली. जवळच होती. एक पुरं, एक अर्धं.

"जेमेली, पाय बघ..." मी म्हटलं. 

ती फोनमध्ये बघत होती. फोनमध्ये तिला नवऱ्याचं तोंड दिसत होतं, नवऱ्याचे कपडे दिसत होते. ती हसली आणि तिने तुंबा पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, मान खाली घालून, आमच्या सासऱ्यांच्या वेळचे पुरुष घ्यायचे तसा. एका दमात शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कुंपणाजवळचं गवत उपटून त्याने तुंब्याचं तोंड पुसलं आणि तुंबा परत दिला.

पायांत बूट नव्हते. मनगटावर घड्याळ नव्हतं. घड्याळाच्या जागी कातडीवर फिका पट्टा तेवढा होता.

"गाई मिळाल्या नाहीत," तो म्हणाला. आवाज किपसोईचा होता.

जेमेलीला वाटलं थट्टा करतोय. ती अजून हसत होती. तो आत आला आणि चुलीच्या डाव्या बाजूच्या तिपाईवर बसला. ती तिपाई यातोरची. माझ्या सासूने त्यानंतर तिच्यावर कोणाला बसू दिलं नव्हतं. किपसोई तर कायम सोफ्यावर पाय पसरून बसायचा.

तेवढ्यात बाहेर, लांब रस्त्यावर, टिटिट वाजलं. मग बुटांची पावलं. मग तो ओळखीचा श्वास, भात्यासारखा. दोन्ही फाटकापाशी आल्यासारखी वाटली आणि तिथेच घुटमळत राहिली. मी धावत गेले, माझे गुडघे जेवढं धावू देतात तेवढी. नुसतं धुकं. लाल मातीवर कसलाही ठसा नाही.

सायकल दुसऱ्या दिवशी बाजारात सापडली, ठेवली होती तिथेच. बूट आणि घड्याळ आजतागायत सापडलेले नाहीत.

घरात जो आहे तो शहाण्यासारखा वागतो. कचेरीत परत गेला नाही, गाई सांभाळतो. बिल्ले त्याने खिळ्यांवरून काढून बकऱ्यांच्या गळ्यात बांधले. एवढं एक काम मला पटलं. धावत मात्र नाही. जेमेली म्हणते, आई, आता निदान घरी असतात, नुसतं जायचं आणि यायचं तरी संपलं. मी तिला काय सांगू. रात्री ती झोपते ते भिंतीकडे तोंड करून, हेही मी बघते.

पहाटे धावणारी पोरं म्हणतात, धुक्यात हल्ली मागून कोणीतरी येतो. बूट आहेत, धाप लागलेली आहे, घड्याळ वाजतं. पोरं बोलत नाहीत, वळत नाहीत, सरळ पुढे निघून जातात. बरोबरच करतात. त्यांना गाठणं त्याला जिवंतपणी जमलं नाही, आता काय जमणार. तिकडेही हा शेवटचाच.

पण शेवटी पोर माझं आहे. परवा संध्याकाळी धुकं चढलं आणि फाटकापाशी तो श्वास ऐकू आला, तेव्हा मी कोणाला न सांगता तुंबा भरला. उगाच जास्त भरला नाही, एक घोट, त्याला तेवढंच सोसतं. बाहेर जाऊन उभी राहिले.

"ये..." मी म्हटलं. "ये रे. घर जवळ आहे."

बुटांची पावलं थांबली. श्वास इतका जवळ आला की माझ्या हातावर ऊब लागली. मी तुंबा पुढे केला.

मागून, माझ्या खांद्यावरून, एक हात आला. मनगटावर फिका पट्टा. त्याने तुंबा माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"आता कोणाला बोलावताय," तो हळू म्हणाला, "वहिनी..."

आणि त्याने फाटक ओढून घेतलं. बाहेर, अगदी फाटकाच्या लाकडाला लागून, टिटिट झालं.