दोन फ्रेमचा उशीर

व्हायोलिनवादक गुरुजींची मुलगी दारात आली, तेव्हा एडिटर त्यांच्याच मैफलीशी झटत बसला होता. तीन कॅमेऱ्यांची चित्रं होती आणि आवाज मात्र स्टेजवरच्या वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. तो आवाज तिन्ही चित्रांना बसवता बसवता त्याच्या नाकी नऊ आले होते. मुलगी आली होती ती त्याच्या बायकोकडे. बायको खाजगी गुप्तहेर. घरात तो तिला 'साहेब' म्हणे, थोडं थट्टेनं आणि बरंचसं धाकानं.

मुलीनं सांगितलं ते असं. गुरुजी आपलं वाजवून पडद्यामागे गेले आणि कोसळले. पुढे शिष्या वाजवत होती, एसी हॉलची दारं बंद होती, कुणाला पत्ता लागला नाही. कुणीतरी अंधारात त्यांची छाती दाबून दाबून त्यांना परत आणलं, फोन करून डॉक्टर बोलावला आणि तो येताच नाहीसं झालं. पडद्यामागे जायची मुभा फक्त तिघा कॅमेरावाल्यांना होती, आणि तिघंही कानांवर हात ठेवत होते.

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "त्या माणसाचे आभार मानल्याशिवाय बाबा जायला तयार नाहीत."

साहेबांनी दुपारपर्यंत तिघांना गाठलं. डावीकडच्या कॅमेऱ्यावरचा दाढीवाला चाचरत म्हणाला, आपण जागचे हललो नाही. उजवीकडचा उंच्याही तेच म्हणाला. बाल्कनीतल्या मावशी नजर चुकवत म्हणाल्या, शेवटपर्यंत वरच होते. कॅमेरा सोडला की नोकरी गेली, असा त्यांच्या मालकाचा खाक्या होता.

एडिटरचा निकाल तयार होता. उंच्याचा कॅमेरा शिष्येमागे सतत फिरत होता, म्हणजे तो तिथंच होता. दाढीवाल्याचा मात्र चार मिनिटं ढिम्म.

"मावशींचा?" बायकोनं विचारलं.

"तोही स्थिर. पण त्या काय बाल्कनीतून उडत येणार?"

"आणखी काही खटकलं?"

खटकलं होतं, पण किरकोळ. दाढीवाल्याच्या कॅमेऱ्यात पंख्याची घरघर येत होती. मावशींच्या कॅमेऱ्यातला आवाज रेकॉर्डरपेक्षा दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाचा जेमतेम बारावा भाग, उशिरा येत होता. मध्ये त्यांनी कॅमेरा थोडा वेळ बंद करून पुन्हा लावला, तर शेवटच्या तुकड्यात उशीर आपोआप गेला. चित्र तसंच, शिष्येचे हात जवळून. मशीनचे नखरे म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. कॅमेऱ्यातला आवाज जुळवणीपुरता. फिल्ममध्ये तो पुसूनच टाकतात.

बायको त्याच्याकडे बघून हसली. अशी ती हसली की आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

संध्याकाळी गुरुजींच्या खाटेभोवती सगळे जमले. मालकाला तेवढं बोलावलं नव्हतं.

"एसी हॉलला पंखे नसतात," बायको म्हणाली. "दाढीवाले कॅमेऱ्याशेजारी घोरत होते." दाढीवाल्यानं मान खाली घातली.

"एका फ्रेमच्या वेळात आवाज जेमतेम चौदा मीटर जातो. दोन फ्रेमचा उशीर म्हणजे बाल्कनी. शेवटी उशीर नाही, म्हणजे कॅमेरा स्टेजच्या काठावर ठेवलेला. वरून झूम केलेले हात आणि खाली जवळून घेतलेले हात सारखेच दिसतात. मावशी, तुम्ही खाली का आलात?"

मावशींचे डोळे भरले. "गुरुजी वाजवून उठले, तेव्हा लेन्समधून यांचे ओठ निळे दिसले. माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. तेव्हा मला काही येत नव्हतं. नंतर मुद्दाम शिकून घेतलं."

गुरुजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "बाई, आज मी लेकीशी बोलतोय ते तुमच्यामुळे," ते म्हणाले.

"नोकरीचं तेवढं…" मावशी पुटपुटल्या.

"तो आवाज मी पुसणारच आहे," एडिटर म्हणाला. "मालकाला फिल्ममध्ये काही कळायचं नाही."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि या खेपेला ती वेगळं हसली. त्याला फार बरं वाटलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. फिल्मच्या शेवटी आभाराची पाटी असते. गुरुजींच्या सांगण्यावरून तीत एक ओळ वाढली: 'आणि बाल्कनीचे मनापासून.' मालकाला वाटलं, प्रेक्षकांचे आभार मानलेत.