तिसरी हाक

गुरुवारची दुपार होती. शाळा सुटून गेली होती, जुहरची नमाज आटोपली होती, आणि भूगोलाच्या शिक्षिका सफूरा खोत नेपल्सच्या उपसागराचा नकाशा काखेत घेऊन सभागृहाचा जिना चढत होत्या. काम साधेच होते. सहलीला निघालेल्या आठवीच्या मुलांच्या आईबापांपुढे नकाशा टांगायचा, किनारा कुठे, व्हेसुव्हियस कुठे, बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते ते दाखवायचे, आणि ‘सारे सुरक्षित आहे’ एवढे म्हणून खाली बसायचे. हे शेवटचे वाक्य उपप्राचार्य मुझम्मिल परकार यांनी सकाळीच त्यांच्याकडून घोटून घेण्याचा यत्न केला होता.

“भूगोल तुमचा, बाई, सुरक्षा माझी,” ते हसून म्हणाले होते. “तुम्ही नुसती मान डोलवायची.”

सफूराबाईंनी मान डोलवली नव्हती. तेव्हा परकारांनी आवाज खाली आणून एवढेच विचारले होते, “तुमचा इकामा यंदा शाळेलाच नवा करायचाय ना?” इकामा नसला की या देशात राहता येत नाही.

जेद्दावर त्या दिवशी धुळीचे आभाळ उतरले होते. उजेड होता, पण तो कुठून येतो आहे हे कळत नव्हते. सगळ्या वस्तू पिवळ्या काचेतून पाहिल्यासारख्या दिसत होत्या, आणि कशालाच सावली नव्हती. समुद्र फार दूर नव्हता, तरी त्याचा वास येत नव्हता. येत होता तो तापलेल्या दगडाचा. शाळेच्या आवारात दगड नाहीत, हे सफूराबाईंना जिन्याच्या वरच्या पायरीवर आठवले, आणि त्या क्षणभर थांबल्या.

दगड होते ते मदिनेच्या वाटेवर. काळ्या, थिजलेल्या लाव्ह्याचे ते अफाट पठार. इकडची माणसे त्याला हर्रा म्हणतात. मागल्या वर्षीची आठवी तिथे गेली होती. सफूराबाईंना शाळेने परीक्षेच्या कामाला जुंपले होते, म्हणून मुलांबरोबर परकार गेले. परतीच्या वेळी त्यांनी बसच्या दारात उभे राहून एकेकाला हाक मारली. निदा सारंग या मुलीने ओ दिली नाही. दुसऱ्या बसमध्ये बसली असेल, असे परकारांना वाटले. वाटले, आणि बस निघाली. निदाचा देह दुसऱ्या दिवशी सापडला, एका काळ्या कपारीच्या तोंडाशी, बस जिथे उभी होती तिथून हाकेच्या अंतरावर.

शाळेने त्याला ‘दुर्दैवी प्रसंग’ म्हटले. सफूराबाई शब्दांच्या बाबतीत काटेकोर होत्या. दुर्दैव म्हणजे ज्यात माणसाचा हात नसतो ते. ज्यात हात असायला हवा होता आणि नव्हता, त्याला हयगय म्हणतात. हा शब्द त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत उच्चारला, तेव्हा सगळ्यांनी चहाच्या पेल्यांत पाहिले. निदाच्या बापाच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या जामिनावर तो इथे राहत होता त्या मालकाला, कुणीतरी फोन केला. मग बापाने तक्रार मागे घेतली. “खलास,” परकार म्हणाले होते, “अल्लाची मर्जी.” स्वतःच्या आळसाचा भार अल्लावर टाकणाऱ्या माणसाचा सफूराबाईंना जो संताप आला, तो वर्षभर उतरला नव्हता.

आणि एक गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. समाचाराला गेल्या तेव्हा निदाच्या आईने, रईसाने, त्यांचा हात घट्ट धरला होता.

“सफूराबाय, माझी पोर आयकत असणार. माझ्या आईनं शिकवलेलं तिला, हर्णैला. ओसाड जाग्यावर पयल्या हाकेला ओ देव नको. दुसऱ्या हाकेला पण नको. तिसऱ्या हाकेला दे. माणूस असला तर तो तीनदा बोलावतो. ते दुसरं असतं ना, ते एकदाच.”

सफूराबाई स्वतः त्याच किनाऱ्यावरच्या. त्यांनाही हेच शिकवले गेले होते. पोर कपारीत बसून, ओठ मिटून, दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली असेल. परकारांचे घराणे दाभोळचे. पण त्यांचा जन्म जेद्दाचा, आणि असल्या गोष्टींना ते ‘गावंढळपणा’ म्हणत.

आता हाच माणूस मुलांना धुमसत्या डोंगराच्या काठावर नेणार होता.

सभागृहात तीसेक मुले पुढच्या रांगांत होती, मागे आईबाप. मागल्या वर्षीच्या वर्गातले इथे कुणी नव्हते. ही नवी आठवी. सफूराबाईंनी नकाशा टांगला. किनारा दाखवला, बंदर दाखवले, राखेखाली गाडली गेलेली गावे दाखवली. मग छडी खाली ठेवली.

“शेवटी मी एक वाक्य म्हणावे अशी अपेक्षा आहे,” त्या म्हणाल्या. “ते मी म्हणणार नाही. डोंगराचे मला भय नाही. तो आधी धूर काढतो, जमीन हलवतो, माणसाला शंभर सूचना देतो. बेपर्वा माणूस एकही देत नाही. या सहलीचे पुढारीपण परकार सरांकडे असेल, तर आपापली मुले घरी ठेवा.”

परकार उठले. चेहऱ्यावरचे हसू त्यांनी मोडू दिले नाही.

“बाईंना उन्हाचा त्रास होतोय वाटतं,” ते म्हणाले. दोघेतिघे हसले. “यंदा प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी असणार आहे. कोण कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर दिसेल. विषय संपला.”

“आणि तिथं नेटवर्क नसलं तर?” मागून एकाने विचारले. ते डॉक्टर हरिहर गोखले. पुण्याहून याच वर्षी इथल्या इस्पितळात आलेले. त्यांचा ऋग्वेद पुढच्याच रांगेत होता.

“तर हाक आहे की, डॉक्टरसाहेब! दर्यावरच्या माणसांचा गळा आहे हा. दाखवतो.” परकारांनी ध्वनिक्षेपक बाजूला सारला आणि खणखणीत आवाजात पुकारले, “अदिबा!”

अदिबा समोरच बसली होती. ती गप्प राहिली.

“अरे, सो गयी क्या? अदिबा!”

ती गप्पच. ओठ मिटलेले, गळा ताठ. तिच्या आईने मागून खांद्याला ढोसले.

“अदिबा!”

“हाज़िर, सर.”

लोक हसले. परकारही हसले. “जुनैद!”

जुनैद गप्प. दुसऱ्या हाकेलाही गप्प. तिसऱ्या हाकेला त्याने ओ दिली. यावेळी हसणारे थोडे होते. मग मुबीन. मग केरळची ती दोन वेण्यांची मुलगी, मग लखनौचा तो जाडा मुलगा. पहिल्या हाकेला मौन, दुसऱ्या हाकेला मौन, तिसऱ्या हाकेला ओ. यांतल्या एकाच्याही घरी कोकणातला तो संकेत कुणी ऐकलेला नव्हता. त्यांची नजर परकारांवर नव्हती. ती सारी मुले रांगेच्या टोकाकडे पाहत होती, आणि कुणीतरी ‘आत्ता’ म्हणेल याची वाट पाहावी तशी पाहत होती. टोकाची खुर्ची रिकामी होती.

तापलेल्या दगडाचा वास आता सभागृहात भरला होता. कुणीतरी खोकले.

“ऋग्वेद!” परकारांचा आवाज चिरकला. “ऋग्वेद!”

“कान फुटले का रे तुझे?” डॉक्टर गोखले उठून उभे राहिले. “ओ दे ना!”

मुलाने मान वळवून बापाला हलकेच सांगितले, “पहिल्या हाकेला नाही द्यायची, बाबा.”

“कुणी सांगितलं तुला हे?”

“निदाने.”

सफूराबाई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “कोण निदा, बाळा?”

“आमच्यात बसते ना, मिस...” मुलाला प्रश्नाचेच नवल वाटले. “ती म्हणते, बाहेर कुणी एकदाच बोलावलं तर गप्प राहायचं. She waited, na. तिला कुणी परत बोलावलंच नाही.”

मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्या. आया पुढे येऊन आपापल्या मुलांचे हात धरू लागल्या.

“हे तुम्ही पढवलंत!” परकार सफूराबाईंवर धावून आले. हसू आता कुठल्या कुठे गेले होते. “मेलेल्या पोरीचा तमाशा करता? लाज वाटत नाही?”

“मी पढवले असते तर माझ्या जिवाला बरे वाटले असते, मुझम्मिलभाई,” सफूराबाई उठत म्हणाल्या. “लाजेचे म्हणाल, तर ती कुणाला वाटायची राहून गेली आहे, हे या मुलांनाही कळते.”

“उद्यापासून तुम्ही शाळेत—”

“परकार सर!”

हाक बाहेरच्या जिन्यावरून आली. मुलीचा कोवळा, जरासा कोरडा आवाज. एकदाच.

मुलांनी एकदम श्वास आत घेतला. अदिबाने तोंडावर हात दाबला. आणि परकार, दिवसातून शंभरदा ज्यांना अशी हाक येते ते परकार, रागाच्या भरात मागे न पाहता ओरडले, “काय आहे? आलो!”

आणि गेले. दार त्यांच्यामागे आपोआप मिटले.

कुणीच हलले नाही. खाली उतरणारी त्यांची पावले ऐकू आली; आधी तणतणत, मग सावकाश, मग लहान मुलाच्या चालीशी चाल जुळवावी तशी अडखळत. सफूराबाई खिडकीशी गेल्या. परकार मैदानात आले होते. मैदानात दुसरे कुणी नव्हते. ते एका बाजूला किंचित वाकून चालत होते, उजवा हात अंगापासून दूर, खाली सोडलेला, बोटे कशाभोवती तरी मिटलेली. फाटकापलीकडे मोकळी जमीन होती, आणि त्या जमिनीवर धूळ भिंतीसारखी उभी होती.

हा माणूस एकदा हाक मारून निघून गेला होता. सफूराबाईंना ते आठवले, आणि तेवढ्याचसाठी त्यांनी खिडकी उघडली. त्याच्यासारखे व्हायचे नाही. झळ तोंडावर आदळली.

“मुझम्मिलभाई!”

ते चालत राहिले.

“मुझम्मिलभाई!”

त्यांचा खांदा थरथरला. पाऊल रेंगाळले. झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी त्यांची मान अर्धी वळली, आणि तेवढ्या अंतरावरूनही सफूराबाईंना त्यांचे डोळे दिसले. ते तिसऱ्या हाकेची भीक मागत होते.

सफूराबाईंनी श्वास भरला. हाक गळ्यापर्यंत आली. त्या आजही शपथेवर सांगतात की त्यांना ती मारायची होती. पण आवाज फुटला नाही. वर्षभर साचलेला राग आडवा आला, असे त्या आधी म्हणत. हल्ली तसे म्हणत नाहीत. धुळीने आधी परकारांचे पाय घेतले, मग पाठ, मग तो खाली सोडलेला हात.

खिडकी मिटून त्यांनी ओढणीच्या पदराने तोंड पुसले. ओठांवर काहीतरी खरखरले. जेद्दाची धूळ पिवळी असते. पदरावर उतरली होती ती काळी रेव होती, अजून तापलेली. आणि ती ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, लहानशा चार बोटांच्या ठशात उमटली होती, कुणी लहानग्या हाताने तोंड दाबून धरावे तशी.