कोंडाजीचा मुका बेंजो

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी पदरचं काही घातलेलं नाही, उलट थोडं गाळलंच आहे.

हे घडलं माझ्या मामेबहिणीच्या, अंजलीच्या बाबतीत. तारीख ३१ मार्च २०२४. रविवार. दुपारचे तीन. नाशिकरोडला लागून असलेलं देवळाली गाव, दोन खोल्यांचं घर, बाहेर रणरणतं ऊन. अशा गोष्टीला अमावस्या हवी, कुत्र्याचं रडणं हवं, असं तुम्ही म्हणाल. तसलं काही नव्हतं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत होते.

आणखी एक. आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात आत्मा मानत नाहीत, भूतखेत तर नाहीच. लहानपणी "अंधारात काहीतरी दिसलं" म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. म्हणून अंजली वर्षभर गप्प होती. लोक काय म्हणतील यापेक्षा आपलेच काय म्हणतील, याची तिला भीती.

तिचे वडील, म्हणजे माझे मामा कोंडाजी, मिरवणुकीच्या गाडीवर बेंजो वाजवायचे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हातानं दाबायला चोवीस बटणं. हा बेंजो त्यांनी स्वतः बनवला होता. सागवान जुन्या पलंगाचं, बटणं भंगारातल्या टायपरायटरची. त्याचा आवाज जरा घोगरा होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. दहा गाड्यांच्या गोंगाटातही लोक ओळखायचे, "कोंडाजी आला."

अंजलीला तो शिकायचा होता. सातवीत असताना तिनं हट्ट धरला, तेव्हा मामा म्हणाले, "पोरीनं काय गाडीवर बसायचं?" विषय संपला. शिकवलं कुणाला, तर गल्लीतल्या रविराजला. रवी त्याच घरात जेवला, त्याच घरात वाढला. अंजलीला ताई म्हणायचा.

२०२३ च्या पावसाळ्यात मामा गेले.

मग अंजलीनं बेंजो खाली काढला. वय छत्तीस, बालवाडीत शिक्षिका, बोटं जड. तरी चुकतमाकत अण्णांची, म्हणजे वडिलांची, एक धून बसवली. रोज संध्याकाळी पाच मिनिटं वाजवायची.

"तेवढी पाच मिनिटं अण्णा माझे असतात," असं ती मला म्हणाली होती.

रवी एव्हाना कीबोर्डवर गेला होता. नवाकोरा, परदेशी. असल्या कीबोर्डमध्ये कुठल्याही वाद्याचे सूर एकेक करून भरता येतात, मग बटण दाबलं की तेच वाद्य वाजतं. त्याला ही पोरं 'टोन भरणं' म्हणतात.

त्या रविवारी रवी माइक घेऊन आला.

"ताई, लाकूड आहे, उद्या कीड लागली तर? मी एकेक सूर भरून ठेवतो. तुला पेनड्राइव्हवर देतो. फक्त तुझ्यासाठी."

अंजलीचे डोळे भरून आले. तिनं त्याला आधी जेवायला वाढलं.

रविवार मुद्दाम धरलेला. त्या दिवशी जवळच्या लष्करी कॅम्पातल्या तोफांचा सराव नसतो. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढला. सुमनमामी, अंजलीची आई, घोटीला बारशाला गेली होती. घरात दोघंच.

रवी एक बटण दाबायचा, तार छेडायचा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत दोघं श्वास रोखून बसायची.

पहिला सूर. दुसरा. तिसरा.

चौथ्याला रवीनं कानावरचा हेडफोन सरकवला.

"ताई, तू काही बोललीस?"

"नाही रे."

"सूर संपताना कुणीतरी… 'हं' म्हणालं."

अंजलीच्या हातावर काटा आला. रवीला शिकवताना सूर बरोबर लागला की अण्णा तसंच म्हणायचे. मान न हलवता, हळूच, "हं."

तिनं हेडफोन ओढून कानाला लावला. काहीच नाही. नुसती शांतता.

रवीनं पुन्हा लावला. पुन्हा तार छेडली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो थांबला नाही. तिला आजही राग येतो तो याचाच. घाबरला, तरी चोवीसच्या चोवीस सूर भरून उठला. पाणीसुद्धा न पिता गेला.

सहा वाजता अंजली रोजच्यासारखी बेंजो घेऊन बसली.

बटण दाबलं. तार छेडली.

तार थरथरली…

आवाज आला नाही.

दुसरं बटण. तिसरं. सगळी. तारा डोळ्यांना दिसतील एवढ्या हलत होत्या आणि खोलीत चिडीचूप. तिला वाटलं, आपल्याच कानांना काही झालं. तिनं टाळी वाजवली, ऐकू आली. मग बोटाच्या पेरानं पेटीवर टकटक केलं…

टकटक नाही.

तिनं चमचा फरशीवर टाकला, खणकन वाजला. तोच चमचा बेंजोवर टाकला. नुसता पडलेला दिसला.

घोटीहून आल्यावर मामीनं स्वतः तार ओढून पाहिली. मग पदरानं हात पुसले.

"जिता व्हता तवाबी घरात कमी आन गाडीवर जास्त व्हता तुझा बाप. आता आवाजबी घेऊन गेला. सोड नाद."

अंजलीनं नाद सोडला नाही. दुसऱ्या दिवशी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या सहादूला बोलावलं. त्यानं नव्या तारा चढवल्या. हातात धरलेली तार टणकन वाजायची, बेंजोवर बसली की मुकी. तिसऱ्या तारेनंतर सहादूनं पक्कड पिशवीत टाकली.

"ताई, चाळीस वर्षं झाली ह्या धंद्यात. लाकूड मरतं, तार मरते, हे ठाऊक हाय. पण हे… हे मला नाय जमायचं."

चहा ठेवला होता. तो न घेताच गेला.

अंजलीनं रवीला फोन लावला. एकदा, दहादा. त्यानं उचलला नाही. पेनड्राइव्ह आला नाही.

मग आली चौदा एप्रिल. जयंतीची मिरवणूक. निळे झेंडे, गुलाल, माणसांचा समुद्र. अंजली पांढरी साडी नेसून बायकांच्या घोळक्यात उभी होती. संध्याकाळी सातच्या सुमारास रवीची गाडी वळणावर आली.

आणि भोंग्यांतून अण्णांचा बेंजो वाजला.

तोच घोगरेपणा. सूर जरा ओढून सोडायची तीच लकब. शेजारच्या वत्सलाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "अगं, कोंडाजी आला गं!" लोक वेड्यासारखे नाचत होते.

अंजली गर्दी फोडत गाडीपाशी गेली. रवीनं तिला पाहिलं. पाहिलं, आणि मान फिरवली. गाडीवरच्या ढोलकीवाल्याला ती कोण ते माहीत नव्हतं. तो अभिमानानं सांगू लागला, "रवीभाऊनं स्वतः भरलाय हा टोन. मालेगावपर्यंतच्या बँडपार्ट्या मागून नेतायत!"

फक्त तुझ्यासाठी, म्हणाला होता. वर तिच्या हातचं जेवलाही होता. गुलालात उभी राहून अंजली ढसाढसा रडली आणि लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीनं रडतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेलरोडला त्याच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. रवी भिंतीला टेकून खुर्चीत बसलेला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. समोर कीबोर्ड.

"मी खोटं बोललो, ताई," तो आधीच म्हणाला. "तू दिला नसतास म्हणून."

"काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"दोनदा काढला. सकाळी चालू केलं की… परत तिथंच असतो."

"मग मला वाजवू दे."

त्यानं कीबोर्ड तिच्याकडे फिरवला. तिनं बोट ठेवलं, दाबलं. आवाज नाही. दुसरी पट्टी. नाही. रवीनं बसल्या जागेवरून हात लांब करून तीच पट्टी दाबली.

अण्णांचा बेंजो वाजला. आणि सूर विरताना, या वेळी तिलाही ऐकू आलं…

"हं."

अंजली कीबोर्डवर आणखी वाकली. भीती वाटली नाही. तिला काय वाटलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं, आहेत. अण्णा आहेत. तिनं पुन्हा पट्टी दाबली. धून वाजवायचा प्रयत्न केला, आठ महिने एकटीनं बसवलेली, चुकतमाकत. पट्ट्यांचा नुसता खटखट आवाज.

"अण्णा, मी अंजली. ऐकताय ना? तुमची धून शिकले मी. एकदा तरी वाजू द्या."

स्पीकरमधून बारीक खरखर आली.

रवीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिचे छातीशी. पट्ट्यांना कुणाचाच हात नव्हता.

आणि वाद्याचा नव्हे, माणसाचा आवाज आला. घोगरा. घाईतला. मिरवणुकीला उशीर होत असताना असायचा तसा.

"रवी… दार लाव."

अंजली मागे सरकली. एक पाऊल, दुसरं. उंबऱ्याबाहेर आली. तिच्या तोंडावर दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज तिनं ऐकला. मग बेंजो सुरू झाला. तिचीच धून, एकही चूक न करता.

गेल्या वर्षी हे ऐकल्यावर मी स्वतः रवीला जाऊन भेटलो. मला त्याच्या दोन कानाखाली द्यायच्या होत्या. पण तो माणूस पार वाळून गेलाय. त्यानं माझे पाय धरले. ताईची माफी मागायची आहे म्हणाला आणि मागितलीही. अंजलीनं त्याला माफ केलं.

निघताना मी त्याला विचारलं, "पण दार कशाला लावलंस रे तिच्या तोंडावर?"

त्यानं मान हलवली.

"दादा, मी खुर्चीतून उठलोच नाही."

हे मी अंजलीला अजून सांगितलेलं नाही. रवीनं दार लावलं, असंच ती समजून आहे. तेवढं तरी तिच्याकडे राहू दे.